सेन्सर बदलण्याआधी

जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने दम सोडला, की गॅरेजात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठला सेन्सर गेला?’ स्कॅनर लावला जातो, पडद्यावर कोड येतो, कोडाखाली एखाद्या सेन्सरचं नाव असतं आणि तासाभरात तो सेन्सर नवा बसतो. बऱ्याचदा दिवा विझतोही. मग चार दिवसांनी माल भरून घाट चढताना तोच दिवा पुन्हा लागतो. आता ‘ईसीएम गेला असेल’, म्हणजे इंजिनाचा कंप्युटरच गेला असेल, अशी भाषा सुरू होते. ज्याचा हप्ता चालू आहे आणि ज्याला उद्याचं भाडं चुकवता येत नाही, अशा मालकाला ती भाषा फार महाग पडते.

चूक पहिल्या प्रश्नातच असते. कोडाखाली सेन्सरचं नाव असलं तरी कोड एका पूर्ण सर्किटबद्दल बोलत असतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याच्या दोन-तीन वायरी आहेत, मधले कपलर आहेत, कपलरच्या पिना आहेत, अर्थिंग आहे, आणि सेन्सर ज्याचं मोजमाप करतोय ते डिझेल, हवा किंवा पाणीही आहे. दहा वर्षं धंद्यावर चाललेल्या गाडीत या सगळ्यांपैकी सेन्सर हाच पुष्कळदा सर्वांत धडधाकट भाग असतो. तो बंद डबीत असतो. वायर मात्र उन्हात, चिखलात, ऑइलमध्ये आणि उंदरांच्या तावडीत असते.

हा प्रश्न आत्ताच एवढा वाढण्याचं कारण सरळ आहे. १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ च्या पहिल्या पिढ्यांत डिझेल किती जायचं हे पंप आणि त्यातला गव्हर्नर ठरवायचा. सगळा कारभार यांत्रिक. कानाने इंजिन ऐकणारा मेस्त्री अर्धं निदान तिथेच करायचा. १ एप्रिल २०१० पासून दिल्ली परिसर आणि निवडक शहरांत धुरासाठीची बीएस-४ मानकं लागू झाली. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरं त्यांत होती. १ एप्रिल २०१७ पासून ती सगळ्या देशाला लागू झाली आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. मधल्या दशकात विकले गेलेले कॉमन रेल डिझेलचे पिकअप आणि छोटे ट्रक आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. वॉरंटी कधीच संपली, गाडी गावातल्या गॅरेजात येते, आणि इंजिनाचं डोकं इलेक्ट्रॉनिक आहे.

कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना जोडलेली एक जाड नळी. पंप त्या नळीत डिझेल प्रचंड दाबाने भरून ठेवतो. आयडलला हा दाब साधारण २५० ते ४०० बार असतो, भार आला की तो हजार बारच्या वर जातो. इंजेक्टर कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम ठरवतो. इंजिन ३००० आरपीएमवर असताना क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. एवढ्या वेळात निर्णय घ्यायचा तर क्रँक नेमका कुठे आहे, रेलमध्ये दाब किती आहे, हवा किती आली, पाणी किती तापलंय आणि ड्रायव्हरने पेडल किती दाबलंय हे क्षणोक्षणी कळायला हवं. ईसीएम स्वतः काही पाहू शकत नाही. त्याला फक्त व्होल्टेज कळतं.

ही व्होल्टेजची भाषा समजली की पुढचं निम्मं काम सोपं होतं. दाब मोजणाऱ्या सेन्सरना सहसा तीन वायरी असतात: ईसीएमकडून येणारे ५ व्होल्ट, अर्थ, आणि सिग्नल परत नेणारी वायर. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये फिरतो. खाली अर्धा आणि वर अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. सेन्सर शाबूत असेल तर त्या रिकाम्या पट्ट्यात सिग्नल जातच नाही. गेला, तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी चिकटली आहे असं ईसीएम समजतो आणि कोड लिहितो. म्हणून एकाच सेन्सरचे दोन वेगळे कोड असतात. रेल प्रेशर सेन्सरचा पी-०१९२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी-०१९३ म्हणजे फार वर. कूलंट तापमानाचे पी-०११७ आणि पी-०११८ तसेच. ‘रेल प्रेशर सेन्सरचा कोड आलाय’ एवढंच सांगणारा माणूस अर्धी माहिती सांगतो. शेवटचा आकडा कुठला, यावर तपासाची दिशा ठरते.

कूलंटच्या सेन्सरवर ही गोष्ट हाताने करून पाहता येते, आणि ज्याला हे काम शिकायचंय त्याने इथूनच सुरुवात करावी. हा दोन वायरींचा सेन्सर असतो. आत एक असा तुकडा असतो की तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना तो अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या थोडा वर आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली असतो. इंजिन थंड असताना चावी ऑन करा, स्कॅनरवर तापमान पाहा, आणि कपलर काढा. आकडा सरळ उणे ४० वर जायला हवा. वायर उघडी, रेझिस्टन्स अमर्याद, म्हणजे ईसीएमच्या हिशेबात कडाक्याची थंडी. आता कपलरच्या दोन पिना बारीक वायरीने एकमेकींना जोडा. आकडा १३०-१४० च्या घरात उडायला हवा. दोन्ही वेळा तसं झालं, तर ईसीएमपासून कपलरपर्यंतची वायरिंग चोख आहे आणि दोष सेन्सरमध्ये आहे. नाही झालं, तर नवा सेन्सर आणून काहीही उपयोग नाही.

यात एक खोच आहे. काही ईसीएम दोष ओळखताच खरा आकडा दाखवणं थांबवतात आणि त्याजागी आपल्या पदरचा ठरलेला आकडा दाखवतात. तेव्हा स्कॅनरवर विसंबू नये. मल्टिमीटरने कपलरच्या सिग्नल पिनवर ५ व्होल्ट येतात का ते पाहावं. आणि पिना जोडण्याचा हा प्रयोग दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरताच आहे. तीन वायरींच्या कपलरमध्ये असली वायर घालू नये.

कूलंटचाच आणखी एक प्रकार आपल्याकडे फार आढळतो. गाडी तापते म्हणून कधीतरी कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरेसं तापतच नाही, डिझेल जास्त जातं आणि ईसीएम तक्रार करतो. सेन्सर खरं सांगत असतो आणि बदलला तोच जातो. गाडी का तापत होती हे न शोधता थर्मोस्टॅट काढणं हे मला अतिशय चुकीचं वाटतं. रेडिएटर तुंबला असेल, फॅनचं कपलिंग ढिलं झालं असेल, वॉटर पंप कमजोर झाला असेल. थर्मोस्टॅट काढला की खरा दोष तसाच राहतो आणि वर इंजिनाची झीज वाढते.

सेन्सर खरं बोलतोय का, हे फुकटात तपासण्याची आणखी एक जागा म्हणजे बूस्ट सेन्सर. टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब तो मोजतो. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी टर्बो फिरत नसतो. तेव्हा सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. वाशीच्या मार्केटला उभी गाडी १०० किलोपास्कलच्या आसपास दाखवेल, पुण्यात ती ९५ च्या जवळ, आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभी गाडी इंजिन बंद असताना १३० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. ९५ दाखवत असेल आणि तरीही ‘बूस्ट कमी’ असा पी-०२९९ कोड येत असेल, तर आधी इंटरकूलरचे होस पाहा. क्लॅम्पखाली रबर फाटलेलं असतं. उभ्या गाडीत ते दिसत नाही, भार आला की चीर उघडते, हवा बाहेर जाते, आणि गाडी काळा धूर सोडत रखडते. हाताने होस दाबून, वळवून, ऑइलचा ओलसर डाग शोधून ही चीर सापडते.

रेल प्रेशरच्या बाबतीत तर खरं सांगणारा सेन्सर बदलण्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. पी-००८७ हा कोड ‘रेलमधला दाब कमी आहे’ एवढंच सांगतो. तो बहुतेक वेळा खरा असतो. फिल्टर तुंबलाय, फिल्टरमध्ये पाणी साठलंय, टाकीपासून येणाऱ्या पाइपमध्ये हवा शिरतेय, पंप झिजलाय, किंवा एखादा इंजेक्टर इतकं डिझेल रिटर्नला सोडतोय की रेल भरतच नाही. ज्याने ही बातमी दिली त्या सेन्सरला काढून नवा बसवला की दाब वाढत नाही. तपास असा: गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा रेलमध्ये दाब शून्य असतो. सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन करून सिग्नल पाहा. तो ०.५ व्होल्टच्या आसपास आणि स्कॅनरवर दाब शून्याजवळ असेल तर निदान खालच्या टोकाला सेन्सर बरोबर आहे. मग इंजिन चालू करून ईसीएमला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आयडलला दोन्ही जुळतात आणि चढाला प्रत्यक्ष दाब मागे पडतो, तर डिझेल कमी पडतंय. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून थोडा वेळ इंजिन चालवलं की कुठली बाटली लवकर भरते ते डोळ्यांना दिसतं.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगायला हवी. चालू इंजिनात रेलचा किंवा इंजेक्टरचा पाइप कधीही ढिला करू नये. जुन्या पंपाच्या इंजिनात नट ढिला करून हवा काढण्याची सवय अनेक जुन्या हातांना आहे. कॉमन रेलमध्ये तीच सवय जिवावर बेतते. शेकडो बार दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून फक्त टोचल्यासारखी खूण दिसते आणि आतलं मांस सडत जातं. असं काही झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठावं, आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गळती शोधायला बोट फिरवू नये, पुठ्ठा धरावा.

क्रँक सेन्सरचा स्वभाव वेगळा आहे. फ्लायव्हीलपाशी किंवा पुलीपाशी दातेरी चाक असतं. पुष्कळ इंजिनांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की क्रँक कुठे आहे हे ईसीएमला कळतं. सेन्सर आणि दात यांच्यात मिलिमीटरभर फट असते. हा सेन्सर गेला की गाडी बहुधा बंदच पडते, आणि त्याची एक ओळखीची खोड आहे: गाडी गरम झाली की अचानक बंद, अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही. आतल्या तारेला सूक्ष्म तडा असतो. थंड असताना टोकं टेकतात, तापून पसरलं की सुटतात. म्हणून हा सेन्सर थंड असताना मोजून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन वायरींचा, तारेच्या गुंडाळीचा सेन्सर असेल तर त्याचा रेझिस्टन्स बहुधा ५०० ते १५०० ओहमच्या मध्ये असतो. गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच मोजा. मीटर अमर्याद दाखवत असेल तर सापडला. तीन वायरींचा सेन्सर असेल तर त्याच्यावर ही मोजणी चालत नाही, त्याचा पुरवठा आणि सिग्नल पाहावा लागतो. स्कॅनर असेल तर सेल्फ मारताना आरपीएम पाहणं सर्वांत सोपं. इंजिन फिरतंय आणि पडद्यावर आरपीएम शून्य, तर संशय पक्का.

तरीही नवा सेन्सर विकत आणण्याआधी जुना काढून त्याचं टोक पाहा. त्यात चुंबक असतो. क्लचच्या आणि फ्लायव्हीलच्या झिजेचा लोखंडी चुरा तिथे चिकटून दाढीसारखा वाढतो आणि सिग्नल बिघडवतो. फडक्याने पुसला की गाडी सुरू होते. आणि त्याही आधी बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर ईसीएमच गोंधळतो, सेन्सरांना पुरेसा पुरवठा मिळत नाही आणि भलतेच कोड पडतात. अशक्त बॅटरीवर केलेलं निदान कागदावर लिहून घेण्याच्याही लायकीचं नसतं.

एकदम तीन-चार सेन्सरांचे कोड आले की मालकाच्या पोटात गोळा येतो. खरं तर ती चांगली खूण आहे. चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यांच्यात समाईक काय आहे ते शोधायचं, आणि समाईक असतात ते ५ व्होल्ट आणि अर्थ. मंचरजवळच्या एका गॅरेजात हे काम जवळून पाहायला मिळालं. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जाणारा पिकअप होता. पेडल, बूस्ट आणि रेल प्रेशर, तिन्हींचे कोड. इंजिन हजार-बाराशेच्या वर उठत नव्हतं. आधी कुठेतरी पेडल नवं बसवून झालं होतं.

तिथला वायरमन पन्नाशीचा होता. त्याने कोड वहीत उतरवून घेतले आणि स्कॅनर बाजूला ठेवला. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. बूस्ट सेन्सरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने, बारीक सुई सरकवून लाल पिन तिला टेकवली. वायरीचं आवरण न टोचता, पिनेचं तोंड न फाकवता. पाच व्होल्टच्या जागी एक व्होल्टही नव्हता. मग त्याने पेडलचं कपलर काढलं, आकडा तोच. रेलवरचं काढलं, तोच. बूस्टचं काढलं, तरी तोच. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर त्याचं कपलर निघताच बाकीच्यांचे पाच व्होल्ट परत आले असते. ते आले नाहीत, म्हणजे दोष वायरीत. मग एका हातात मीटर धरून दुसऱ्या हाताने तो हार्नेस वीतवीत दाबत, हलवत गेला. इंजिनाच्या मागे, जिथे हार्नेस लोखंडी ब्रॅकेटवरून वळतो, तिथे हात लागताच मीटर एकदम पाचावर गेला. क्लिप तुटलेली, काळी प्लास्टिकची नळी घासून फाटलेली, आणि आतल्या एका वायरीचं तांबं ब्रॅकेटला टेकत होतं.

‘दादा, जुनं पेडल आहे ना अजून? ते चांगलं आहे, जपून ठेवा,’ एवढंच तो मालकाला म्हणाला.

हे कौशल्य महागड्या यंत्रात नाही. पाचशे-हजार रुपयांचा मल्टिमीटर आणि सर्किटचा विचार एवढ्यावर ते उभं आहे. स्कॅनरला मी कमी लेखत नाही. पण स्कॅनर ईसीएमला काय वाटतं ते सांगतो. ईसीएमला तसं का वाटतं ते मीटर सांगतो.

अर्थिंगबद्दल मात्र मीटर चुकीच्या पद्धतीने वापरला तर फसवतो. गंजलेल्या अर्थ केबलमध्ये दोन-चार तारा जरी शिल्लक असल्या तरी ओहमवर मोजताना आकडा शून्याजवळ येतो, कारण मीटर त्यातून नाममात्र करंट सोडतो. सेल्फचा शेकडो अँपियरचा करंट आला की तीच केबल कोलमडते. म्हणून अर्थ मोजायचा तो भाराखाली: एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. व्होल्टचा तीन-चार दशांशांहून जास्त आकडा दिसला तर केबल, तिची टोकं आणि बोल्टखालची जागा साफ करायची. कोकणात चालणाऱ्या गाड्यांना, त्यातही मासळीच्या गाड्यांना हे जास्तच लागू आहे. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी चॅसिसवर ठिबकत राहतं, आणि अर्थचा बोल्ट वरून घट्ट दिसला तरी खाली गंजाचा थर असतो. कपलर उघडला की पिनांवर हिरवी बुरशी दिसते. तांब्याचा गंज तो. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा. पिनच खाल्ली गेली असेल तर पिन बदलावी. इंजिन पाण्याच्या प्रेशर गनने धुण्याची आपली हौस हाच दोष घाटावरच्या गाड्यांनाही लावते. धुवायचंच असेल तर ईसीएम आणि कपलर प्लास्टिकने झाकून, लांबून.

अ‍ॅक्सिलरेटर पेडलबद्दल थोडक्यात. त्यात दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट राहतं. पेडल हळूहळू दाबताना दोन्ही आकडे त्याच प्रमाणात, मध्ये न अडखळता चढले पाहिजेत. दोघांचं जुळलं नाही की पी-२१३८ येतो आणि ईसीएम सुरक्षिततेसाठी पेडलचं ऐकणं बंद करतो. काही गाड्यांत ब्रेक स्विच खराब असला तरी गाडीचा दम जातो, कारण ब्रेक आणि रेस एकदम दाबलेत असं ईसीएमला वाटतं. मागचे ब्रेक लाइट सतत पेटलेले आहेत का, हे पाहायला काहीच खर्च येत नाही.

दुरुस्ती करताना सर्वांत जास्त हेळसांड होते ती वायर जोडण्यात. पीळ मारून टेप गुंडाळली की हेडलाइट पेटेल, पण सेन्सरच्या सर्किटमध्ये पाव व्होल्टचा फरकही मोठा असतो, आणि गरमीने टेपचा गोंद दोन महिन्यांत सुटतो. व्यवस्थित क्रिंप किंवा सोल्डर, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि जोडाला आधार मिळेल अशी क्लिप, हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. तीन वायरी जोडायच्या असतील तर तिन्ही जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. क्रँक सेन्सरच्या वायरी पिळलेल्या किंवा जाळीच्या आवरणात असतील तर तशाच ठेवाव्यात. तो पीळ आणि ती जाळी सेल्फ आणि डायनॅमोचा विद्युत गोंगाट बाहेर ठेवतात. ईसीएमच्या वायरींवर बल्बचा टेस्टर लावू नये. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा देण्यासाठी ती सर्किटं बनलेली नसतात.

आणि वेल्डिंग. हौद्याचा पत्रा फाटला, हुक तुटला, की गाडी तशीच वेल्डरपुढे उभी केली जाते. आर्क वेल्डिंगचा करंट चॅसिसमधून मिळेल त्या वाटेने परत जातो आणि ती वाट ईसीएममधूनही असू शकते. बॅटरीची दोन्ही टोकं काढा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी शेजारी लावायला सांगा. दहा मिनिटांची ही खबरदारी घेतली नाही म्हणून ईसीएम गमावू नका. तसंच १२ व्होल्टची गाडी २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप मारून सुरू करू नये.

कोड खोडण्याची घाई हीसुद्धा नुकसानीचीच. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होतं, पाणी किती गरम होतं, भार किती होता, याची नोंद अनेक ईसीएम ठेवतात. कोड खोडला की ती नोंदही जाते. दोष घाटात, भाराखाली, गरम इंजिनावर आला की सकाळी थंड सेल्फला, हे त्यातून कळतं. ड्रायव्हरलाही हेच विचारावं. तो गाडीत रोज दहा तास बसतो. ‘चढाला तिसऱ्यात टाकली की’, ‘पावसात’, ‘डिझेल भरल्यावर लगेच’ अशी त्याची वाक्यं स्कॅनरच्या पानांइतकीच मोलाची असतात, आणि ती नीट ऐकून न घेणारा मेस्त्री कितीही हुशार असला तरी आंधळेपणाने काम करतो.

दुरुस्तीनंतर कोड खोडून गॅरेजच्या दारात इंजिन चालू ठेवणं ही चाचणी नव्हे. ज्या परिस्थितीत दोष आला होता तीच परिस्थिती द्यावी लागते: माल भरलेला, इंजिन पूर्ण गरम, चढ असलेला रस्ता. परत आल्यावर स्कॅनर पुन्हा लावून प्रलंबित कोड पाहावेत. दिवा लागण्याआधी दोष तिथे दिसू लागतो. आणि गाडी धडधाकट चालत असेल तेव्हा तिचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत: चावी ऑन असताना बूस्ट किती, आयडलला रेल प्रेशर किती, रात्रभर उभ्या गाडीत सकाळी रेलचा सिग्नल किती व्होल्ट, इंजिन गरम झाल्यावर कूलंट किती अंश, पेडल सोडलेलं असताना आणि पूर्ण दाबल्यावर दोन्ही सेन्सरचं व्होल्टेज किती, सेल्फ मारताना बॅटरी किती खाली येते. एका पानात हे मावतं. ते पान गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलं, तर पुढे दिवा लागेल तेव्हा कुठल्याही गॅरेजातला मेस्त्री आधी त्या आकड्यांशी ताळा करून पाहू शकतो आणि मगच सेन्सर मागवायचा की नाही ते ठरवू शकतो.